बाळाचं पोट : आधी बघावं, मग द्यावं

चेन्नईत मराठी घरं बरीच आहेत. सौकारपेठेत सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली विटा, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबं आहेत, आणि जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या संगणक कंपन्यांत नोकरीला आलेली पुण्या-नागपूरकडची जोडपीही आहेत. घरात तान्हं बाळ रडायला लागलं की गावाकडून आजी फोनवर सांगते, ‘वेखंड उगाळून दे.’ शेजारच्या पाट्टी, म्हणजे तमिळ आजी, म्हणतात, ‘वसंबु दे.’ दोघी एकाच मुळीबद्दल बोलत असतात आणि दोघींच्या सांगण्यात माया असते. बाळाला काय द्यायचं हे सांगणारं माणूस अशा घरात नेहमीच असतं. बाळात काय बघायचं, हे सांगणारं मात्र सहसा कुणी नसतं.

म्हणून ही यादी लिहिली आहे. लहान मुलांच्या पोटाच्या बहुतेक तक्रारी साध्या असतात आणि आपोआप बऱ्या होतात. थोड्याच तक्रारी अशा असतात की त्यांत एक दिवस, कधी काही तासही महाग पडतात. या दोहोंतला फरक घरात ओळखता येतो.

रोज काय बघावं

करा : शी उजेडात बघा. डायपर गुंडाळून टाकण्याआधी खिडकीपाशी न्या. जन्मानंतर दोन-तीन दिवस शी काळी-हिरवी आणि चिकट असते. मग आईच्या दुधावरच्या बाळाची शी मोहरीसारखी पिवळी, पातळसर, कधी दह्याच्या कण्यांसारखी होते. दिवसातून आठ-दहा वेळा झाली तरी बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर ते जुलाब नव्हेत. सहा आठवड्यांनंतर तेच बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभर शी करत नाही. पोट मऊ असेल आणि शी झाल्यावर ती मऊच असेल, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत.

करा : तीन रंग लक्षात ठेवा. पांढरट किंवा फिकट, लाल, आणि पहिल्या दिवसांनंतर पुन्हा दिसणारा डांबरासारखा काळा. यांतला कुठलाही दिसला तर डॉक्टरांना दाखवा. लोहाचं औषध चालू असेल तर शी काळपट होते, तेही डॉक्टरांना सांगा. नुसती हिरवट शी हे काळजीचं कारण नाही. त्यावरून आईचं खाणं बंद करायचीही गरज नाही.

करा : शू मोजा. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतं आहे. रंग पाण्यासारखा हवा.

करा : वजन दर महिन्याला करून कार्डावर लिहून घ्या. महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत ते होतं. पोटाच्या जुनाट आजाराचा पहिला पुरावा बहुधा वजनाच्या रेघेतच दिसतो. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशोब.

टाळा : प्रत्येक रडणं पोटावर टाकू नका. भूक, उकाडा, कानदुखी, ताप, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटाला गुंडाळला गेलेला केस, अशा अनेक कारणांनी बाळ रडतं. कपडे काढून नखशिखांत बघा.

टाळा : ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ म्हणून थांबू नका. दातांनी जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, वरचं खाणंही तेव्हाच सुरू होतं. जुलाब त्यातून होतात.

पिवळं बाळ, पांढरी शी

या एका गोष्टीसाठी बाकी सगळी यादी विसरलात तरी चालेल.

नवजात बाळांत कावीळ सर्रास दिसते आणि पूर्ण दिवसांच्या बाळाची ती दोन आठवड्यांत ओसरते. म्हणूनच कुणी घाबरत नाही. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल,’ असं सगळेच सांगतात. पण काही थोड्या बाळांत यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद झालेल्या असतात. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शीला रंग येत नाही. ते रक्तात साठतं, म्हणून शू गडद होते आणि दुपट्यावर पिवळा डाग पडतो. बाळ मात्र पहिले काही आठवडे दूध पितं, हसतं, गुटगुटीतही दिसतं. घरच्यांची फसगत इथेच होते.

या आजारावर जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात एक शस्त्रक्रिया शोधली. तीत यकृताच्या मुखाशी आतड्याचा तुकडा जोडून पित्ताला वाट करून देतात. ही शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता चांगली असते. जसजसे दिवस जातात तसतशी ती घटते, आणि मग यकृत बदलणं हाच मार्ग उरतो.

कांचीपुरमच्या एका मुलाला हाच आजार होता. १५ नोव्हेंबर १९९८ रोजी दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वडिलांच्या यकृताचा भाग त्याला बसवण्यात आला. तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. लहान मुलावरचं भारतातलं ते पहिलं यशस्वी यकृतरोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. चेन्नईच्या शेजारच्या गावातल्या बाळाला तेव्हा दिल्ली गाठावी लागली. आज क्रोमपेटच्या रेला इन्स्टिट्यूटमध्ये लहान मुलांची यकृतरोपणं होतात. सोय जवळ आली याचा आनंद आहे. पण कुठल्याही बाळावर ती वेळ न येणं जास्त चांगलं, आणि त्यासाठी कुणीतरी वेळेत शी बघायला हवी.

तैवानने हे काम साध्या कागदावर सोपवलं. २००४ पासून तिथे प्रत्येक बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं. आई डायपर त्या कार्डाशी ताडून बघते आणि रंग फिका वाटला तर फोन करते. तिथे साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यामुळे वाढलं. आपल्या हातात कार्ड नसलं तरी डोळे आहेत आणि फोनचा कॅमेरा आहे.

करा : कावीळ चौदा दिवसांच्या पुढे राहिली तर पंधराव्या दिवशी डॉक्टरांकडे जा. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी ही मर्यादा एकवीस दिवसांची आहे. रक्तातलं बिलिरुबिन ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असं वेगवेगळं मोजायला सांगा. नुसता एकूण आकडा पुरेसा नाही.

करा : शी फिकट, मळकट पांढरी किंवा चिकणमातीच्या रंगाची वाटली तर त्याच दिवशी, उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. रंगाबद्दल घरात एकमत होत नसेल तर फोटो डॉक्टरांना दाखवा.

टाळा : उन्हात धरून महिनाभर वाट बघू नका. चेन्नईच्या उन्हात तर मुळीच धरू नका, बाळाचं अंग सुकतं.

टाळा : काविळीच्या झाडपाल्यासाठी कुठेही जाऊ नका. महाराष्ट्रात काविळीची माळ आणि नाकात पिळायचा रस आहे. तमिळनाडूत कीळानेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, वाटून देतात. मोठ्या माणसाची विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय पाल्याला जातं. बाळाची बंद नळी पाल्याने उघडत नाही, फक्त साठातले दिवस खर्ची पडतात.

उलटी : रंग आणि जोर

पाजल्यावर ढेकरेबरोबर दूध येणं, थोडं दही टाकणं, हे पहिल्या सहा महिन्यांत बहुसंख्य बाळं करतात. जठराच्या तोंडाची झडप अजून कोवळी असते. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त असतं आणि वर्ष-सव्वा वर्षात थांबतं. बाळ खुशीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दुपटी धुण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

करा : पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. बाटली असेल तर एका वेळचं दूध कमी करून वेळा वाढवा.

करा : दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी लांब उलटी करत असेल, उलटीनंतर लगेच पुन्हा भुकेने तोंड फिरवत असेल आणि वजन घटत असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झाल्याने वाट बंद होते. मुलग्यांत, त्यातही पहिलटकरणीच्या मुलग्यात हे जास्त आढळतं. छोट्या शस्त्रक्रियेने हा आजार कायमचा बरा होतो.

करा : उलटी गडद हिरवी झाली तर हातातलं काम टाकून निघा. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला नाही हे सिद्ध होईपर्यंत पीळच समजायचा. पिळात आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतडं काही तासांत मरू शकतं. बाळाचं पोट तेव्हा मऊ असू शकतं, ताप नसू शकतो. तरी थांबू नये.

टाळा : साध्या दूध टाकण्यावर आम्लपित्ताची औषधं स्वतःहून सुरू करू नका. शेजारच्या बाळाला दिली होती हे कारण होत नाही.

टाळा : दूध घट्ट व्हावं म्हणून बाटलीत बिस्कीट किंवा सत्तुमावाची, म्हणजे इथल्या मिश्र धान्यांची, पूड कालवू नका.

टाळा : आंघोळीच्या वेळी घशात बोट घालून ‘कफ काढणं’ आणि नाकात तेल सोडून फुंकणं. चेन्नईत आणि आपल्याकडेही आंघोळ घालणाऱ्या बायका हे करतात. घशाला इजा होते, आणि तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

रडवेलं बाळ, गुटी आणि ग्राइप वॉटर

तिसऱ्या आठवड्यापासून काही बाळं संध्याकाळी तास-तास रडतात. पाय पोटाशी घेतात, तोंड लाल होतं, काही केल्या थांबत नाहीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये याला तिनाचं माप लावलं : दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. नीट दूध पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाचं हे रडणं सहाव्या आठवड्याला शिखर गाठतं आणि तीन-चार महिन्यांत औषधाशिवाय जातं. नेमकं त्याच काळात जे काही दिलेलं असतं, त्याला यश मिळतं.

तमिळ घरातलं ‘उरै मरुंदु’ आणि आपली गुटी ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत मायफळ, जायफळ, हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध आणि वेखंड असतं. सहाणेवर किती वळसे घेतले यावर मात्रा ठरते आणि हात प्रत्येकीचा वेगळा. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं आणि घर म्हणतं, शांत झालं. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्याने प्रयोगातल्या प्राण्यांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. सहाणेच्या पाण्यातून जंतू जातात ते वेगळंच. ही परंपरा जपणाऱ्या आज्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या हातात याहून चांगलं काही नव्हतं. आज आहे.

करा : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, मध, साखरपाणी काही नको. चेन्नईच्या मे महिन्यातही पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजा.

करा : बाळाला कडेवर घेऊन हिंडा, पोटावर हलका हात फिरवा, खोलीतला उजेड-आवाज कमी करा, आणि आईला तासभर झोपू द्या. बेंबीभोवती हिंग बाहेरून लावण्यावर वाद घालण्याची गरज नाही. पोटात जात नाही तोवर चालू द्या.

टाळा : ग्राइप वॉटर. त्याचा जन्म १८५१ च्या इंग्लंडचा, आणि मूळ नुस्ख्यात दारू होती. आता ती नसते. पण पोटशूळ थांबवतं असा भक्कम पुरावाही नाही, आणि सहा महिन्यांच्या आत दुधाशिवाय काही द्यायचं नाही हा नियम त्यालाही लागू आहे.

टाळा : दुकानातून आणलेले पोटदुखीचे थेंब. त्यांत डायसायक्लोमिन असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास त्याने मंदावू शकतो. नाव वाचल्याशिवाय काही देऊ नका.

टाळा : एक वर्षाच्या आत मध, चाटवण्यापुरताही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळ लुळं पडू शकतं.

टाळा : तोक्कम काढणं, म्हणजे पोटात अडकलेला घास फुंकून-ओढून बाहेर काढल्याचा दावा. बिब्बा घालणं, बेंबी बसवणं, मेळघाटातल्या डंब्यासारखे पोटावर तापल्या लोखंडाचे चटके, हेही त्याच माळेतले. फुगलेलं पोट हे आजाराचं लक्षण आहे. त्यावर चटका देणं म्हणजे आजारी बाळाला भाजणं, आणि कायद्याने तो गुन्हा आहे.

जुलाब : पाणी, मीठ, साखर

जुलाबाने मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. तीसच्या घरातला मृत्यूंचा टक्का चारच्या खाली आला. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, घरच्यांचे होते. हे हात आजही घराघरात आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

करा : पहिल्या पातळ शीपासूनच ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, लहान पाकीट २०० मिलीलिटरमध्ये, पूर्ण पाकीट एकदम. अंदाजाने चिमूट-चिमूट टाकू नका. पाणी कमी पडलं तर क्षार वाढतात आणि मेंदूला धोका होतो. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. चेन्नईत घरोघरी वीस लिटरचे कॅन असतात, टँकरचं पाणीही येतं. दोन्ही उकळून, गार करून मगच वापरा.

करा : दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलीलिटर, त्यापुढच्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, पण चमच्याने, एक-दोन मिनिटांनी एक चमचा. वाटी तोंडाला लावली की मूल घटाघटा पितं आणि ओकतं. लहानग्याला बोंडल्याने, इथल्या पालाडैने, हळूहळू पाजा.

करा : पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तांदळाची मीठ घातलेली पेज, ताक, डाळीचं पाणी हेही चालतं.

करा : अंगावरचं दूध चालू ठेवा, खाणंही चालू ठेवा. मऊ भात, दहीभात, इडली, केळं, मुगाची खिचडी.

करा : झिंक चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, रोज एकदा. जुलाब थांबले तरी पूर्ण करा. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते.

करा : रोटाविषाणूची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. तमिळनाडूत ती २०१७ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे. रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लूर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू या तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. तुमच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही मुलखांनी हातभार लावलेली ही लस आहे, ती चुकवू नका.

टाळा : ओआरएससारख्या दिसणाऱ्या डब्यातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या.

टाळा : नुसत्या शहाळ्यावर भागवू नका. त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम फार कमी. थंड पेय, डब्यातला रस, ग्लुकोजचं पाणी हे तर नकोच.

टाळा : शी बांधणारी गोळी, लोपेरामाइड. लहान मुलाचं आतडं त्याने लुळं पडतं. प्रतिजैविकंही बहुतेक जुलाबांत लागत नाहीत. शीत रक्त असेल तर डॉक्टर ठरवतील.

टाळा : पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवणं.

मूल सुकत चाललंय हे कसं ओळखावं? तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे आणि टाळू खोल, सहा तास शू नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश बसते. सुरुवातीला मूल अधाशासारखं पाणी मागतं. पुढे मागेनासं होतं आणि गळून पडतं. मागणं थांबलं की घरातले उपाय संपले.

खडा

शाळेत जाऊ लागलेल्या मुलांचं हे दुखणं फार दुर्लक्षित आहे. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी, कडक, दुखत होणारी शी म्हणजे बद्धकोष्ठ. एकदा दुखलं की मूल शी दाबतं. पाय आवळून कोपऱ्यात उभं राहतं. आपल्याला वाटतं जोर लावतंय, खरं तर ते रोखत असतं. दाबलेली शी अधिक सुकते, अधिक दुखते. शेवटी खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरचे जुलाब समजून औषध देतात, किंवा रागावतात. मुलाला ते कळतही नसतं. त्याला मारू नका, लाजवू नका.

करा : जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. पाश्चात्त्य भांडं असेल तर पायाखाली पाट द्या. गाईचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा. पेरू, पपई, पालेभाजी, नाचणी वाढवा.

करा : शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल विचारा. घाण असेल, कडी नसेल, तर मूल दिवसभर दाबून ठेवतं आणि म्हणून पाणीही पीत नाही. शाळेशी बोला.

करा : डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध काही महिने घ्यावं लागतं. सवय लागेल या भीतीने आठवड्यात सोडू नका. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

करा : जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नव्हती का, हे आठवून सांगा. तेव्हापासून पोट फुगत असेल तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसण्याचा जन्मजात दोष असू शकतो.

टाळा : साबणाची वडी, विड्याच्या पानाचा देठ, रोजचा एनिमा.

‘आई, पोट दुखतंय’

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांना १९५८ मध्ये ब्रिस्टलच्या शाळांत साधारण दहापैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होत असल्याचं आढळलं. त्यांतल्या फारच थोड्यांना शारीरिक आजार होता. त्यांनी दिलेली खूण अजून उपयोगी आहे : दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकं कारण सापडण्याची शक्यता जास्त. बेंबीशी दुखतं, खेळताना विसरतं, रात्री झोपमोड होत नाही, वजन ठीक आहे, अशा मुलाचं दुखणं खोटं नसतं. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. परीक्षा, नवी शाळा, नवं शहर, न कळणारी भाषा, हे सगळं पोटात उतरतं. चेन्नईत नव्याने आलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत हे आवर्जून विचारात घ्या.

करा : दुखणं बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं, चालताना मूल वाकतं, उडी मारवत नाही, ताप आणि उलटी आहे, तर आंत्रपुच्छाची शंका घ्या आणि त्याच दिवशी शल्यविशारदांना दाखवा.

टाळा : अशा वेळी रेचक, एरंडेल किंवा शेकण्याची पिशवी.

टाळा : प्रत्येक पोटदुखीला जंताचं औषध. ते वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत मिळतं, तिथे जरूर घ्या.

दूध, गहू आणि वजन

थोडक्यात. तान्ह्याच्या शीत रक्ताच्या रेघा आणि अंगावर चट्टे असतील तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी तपासतात. ‘लॅक्टोज पचत नाही’ असं घरीच ठरवून दूध तोडू नका, आणि त्याऐवजी शेळीचं दूध देऊ नका. जुलाबानंतर काही दिवस दूध न पचणं तात्पुरतं असतं.

गव्हाने आतड्याला सूज येणारा सिलिॲक हा आजार दक्षिणेत क्वचित दिसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर भारतात १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत तो आढळला. गहू कमी खाल्ला जातो हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. आपल्या घरात मात्र रोज पोळी असते. मूल वाढत नसेल, पोट मोठं, हातपाय काटकुळे, रक्त कमी असेल, तर आपण पोळी खातो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी खोटी ठरते.

लगेच निघा

हिरवी किंवा रक्ताची उलटी. जेलीसारखी लाल शी. पाच-दहा मिनिटं किंचाळून रडणं, मग पांढरं पडून निपचित, मग पुन्हा किंचाळणं : साधारण तीन महिने ते दोन वर्षांच्या बाळात आतड्यात आतडं शिरल्याची ही खूण आहे. लवकर पोहोचलात तर शस्त्रक्रियेशिवाय हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने ते सोडवता येतं. फुगून ताणलेलं पोट आणि शी-वारा बंद. सहा तास शू नाही. दूध न ओढणं, जाग न येणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याची शंका, कारण दोन तासांत ती अन्ननलिका भाजते.

गाडीसाठी १०८. एग्मोरला हॉल्स रोडवर सरकारी बालआरोग्य संस्था आहे, मुलांसाठी तिथे चोवीस तास तातडीची सेवा मिळते. नुंगंबाक्कममध्ये कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट रुग्णालय आहे. आपल्या घरापासून रात्री कुठे जायचं, हे बाळ बरं असतानाच ठरवून फोनजवळ लिहून ठेवा.

डॉक्टरांशी इंग्रजीत भागतं, पण रात्रपाळीच्या परिचारिकेशी हे शब्द कामी येतात : उलटीला वांदी, जुलाबाला बेदी, रक्ताला रत्तम, काविळीला मंजळ कामालै, पोटदुखीला वयित्तु वली, तापाला काय्च्चल, हिरव्याला पच्चै, पांढऱ्याला वेळ्ळै. सोबत शी-उलटीचा फोटो, वजनाचं कार्ड, आणि दिलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव न्या. गुटी दिली असेल तर तेही सांगा, लपवू नका. उपचार त्यावर ठरतात.

तुमच्या ओळखीत कुणाकडे दोन आठवडे उलटलेलं, अजून पिवळं दिसणारं बाळ असेल, तर त्यांना आजच फोन करा आणि शीचा रंग विचारा.